कण्हेरीला टँकर, माणसाला काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्ह्याच्या पानावर आमच्या सायकल गटाची बातमी फोटोसकट छापून आली, त्याबद्दल आभार. ते पान मी दुकानाच्या भिंतीला चिकटवलं आहे. गिऱ्हाईक आलं की हवा भरायच्या आधी तेच वाचतं. पण आम्ही थरचं वाळवंट जिंकून आलो, जिवावर उदार होऊन पाण्याविना सायकली हाकल्या, असं जे त्यात लिहून आलंय ते काही खरं नाही. आमच्यातल्या कुणी तसं सांगितलं की बातमीदारानं पदरचं घातलं, याच्या खोलात मी जात नाही. पाण्याविना आम्ही गेलो नाही. पाणी भरपूर मिळालं, आणि ते कसं मिळालं हीच माझ्या मते बातमी होती. ती राहून गेली म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण शेवटचा मजकूर कापू नका एवढी विनंती.

मी सायकल मिस्त्री. राळेगाव तालुक्यात, मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या बाजाराच्या गावात माझं दुकान आहे. माझा बापही हेच करायचा. आमच्या गटात तालुक्याचे एक डॉक्टर, जिल्हा परिषद शाळेचे दोन मास्तर, बँकेतल्या एक मॅडम, कॉलेजची काही पोरं आणि एक कापूसवाला शेतकरी. त्यांच्या सायकली गिअरच्या, एकेकीची किंमत ऐकली तर माझं अख्खं दुकान त्यात येईल. मला नेलं ते दुरुस्तीसाठी. तुम्ही मागच्या टेम्पोत बसून या, असं डॉक्टरसाहेबांचं म्हणणं. मी म्हटलं, "टेम्पोत कायले बसू साहेब, मलेबी पाय हायेत." माझी बावीस इंची काळी सायकल काढली, मागचं १८ दाताचं फ्रीव्हील उतरवून २२ दाताचं चढवलं, कपात नवे छर्रे टाकले, ग्रीस भरलं, दोन्ही चाकांची आऊट, म्हणजे डुगडुग, काढली आणि निघालो. बिकानेरपर्यंत रेल्वे, तिथून फलोदी, रामदेवरा, पोकरण आणि शेवटी जैसलमेर असा रस्ता होता. सगळ्या सहलीचं पुराण इथं लावत नाही. पोकरणहून जैसलमेरला गेलो त्या दिवसापुरतं लिहितो.

पोकरण म्हटलं की आपल्याकडे १९७४ आणि १९९८ चे अणुस्फोट आठवतात. आम्ही उतरलो ते साधं तालुक्याचं गाव. धर्मशाळेत मुक्काम केला. पहाटे बसस्टँडजवळ पोहे मिळाले, पण वरून तर्री मागितली तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहिला. माघाचा महिना, थंडी अशी की डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि मी हातावर पायमोजे घातले. जैसलमेर तिथून ११० किलोमीटरच्या आसपास. उजाडता उजाडता निघालो. रस्ता सरळसोट, दोन्ही अंगाला खेजडी, म्हणजे आपली शमी, मधे मधे केर नावाची झुडपं, रुई आणि सेवण नावाचं पिवळं गवत. वाळूच्या टेकड्यांची चित्रं डोक्यात घेऊन गेलेली पोरं हिरमुसली. तिकडचं वाळवंट बरंचसं असंच आहे, खडकाळ माळ आणि झुडपं. टेकड्या जैसलमेरच्याही पुढं, सम गावाच्या बाजूला. या भागात माळढोक आहे, त्याला तिकडे गोडावण म्हणतात. आमच्याकडे वरोऱ्याच्या माळावर तो असायचा असं जुनी माणसं सांगतात. आम्हाला तिथंही दिसला नाही.

नऊ वाजले आणि वारा सुटला, तोही समोरून. सायकलवाल्याला चढाचं तेवढं वाटत नाही, चढ दिसतो तरी. वारा दिसत नाही, आणि पायडल मारून मारून पाहावं तर शेजारचं झुडूप अजून शेजारीच. अशा वाऱ्यात एकामागे एक ओळ करून चालायचं असतं. पुढचा वारा फोडतो, मागचे त्याच्या आडोशानं येतात, दहा-पंधरा मिनिटांनी पुढच्यानं बाजूला होऊन शेवटी यायचं. ऐकायला सोपं आहे. कॉलेजची पोरं पुढं गेली की हुरूप येऊन जोर मारायची, ओळ तुटायची आणि मागच्यांचे हाल व्हायचे. पुढं चालावं ते बँकेच्या मॅडमनी. वेग ना वाढे ना कमी होई, मागं न पाहता त्यांना कळायचं की कोण मागं पडलंय. माझ्या सायकलीचं हँडल उंच, सगळा वारा छातीवर. मी कोपरं हँडलवर टेकवून वाकून चालवत होतो. शेजारून लष्कराच्या गाड्यांची रांग गेली की वाऱ्याचा झोत आडवा यायचा आणि चाक कडेच्या वाळूत उतरायचं. वाळूत पुढचं चाक गेलं की हँडल आपलं ऐकत नाही.

लाठी गावाच्या अलीकडे एका खेजडीखाली थांबलो, आणि परत सायकली धरल्या तर चार-पाच चाकं एकदम बसलेली. सराटे! गोखरूचा काटा, आपल्या धुऱ्यावर असतो तोच. जमीन बदलली, भाषा बदलली, काटा बदलला नाही. टेम्पो डिझेल भरायला पुढं गेलेला. दुकानात मी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा पाहतो. इथं बाटल्यांतलं पिण्याचं पाणी त्या कामाला वापरायचं मन होईना. मग ट्यूब फुगवून ओठाजवळून फिरवली, भोक असेल तिथं बारीक गार हवा ओठाला लागते. पण त्या वाऱ्यात काय लागणार कपाळ! शेवटी दुपट्टा डोक्यावरून ओढून घेतला, बायका चुलीपुढं पदर घेतात तसा, आणि आत अंधारात ट्यूब फिरवली. सापडली भोकं. आता टायरमधला काटा. तो बोटाला सापडत नाही आणि सापडला की बोटातच जातो. त्याला कापसाचा बोळा लागतो. टायरच्या आतून बोळा फिरवला की काट्यापाशी तंतू अडकतात. आमच्या कापूसवाल्याच्या पिशवीत त्याच्या बायकोनं रामदेवऱ्याला संत रामदेवांच्या समाधीपुढं लावायला दिलेल्या वातींपैकी काही उरल्या होत्या. त्यातली एक घेतली. राळेगावच्या कापसानं पोकरणच्या रस्त्यावर काटे काढले. सोल्युशन, टिकल्या, पंप. तासभर गेला, पण सगळी चाकं उभी राहिली.

यात आमच्या बाटल्या संपल्या. टेम्पोचा पत्ता नाही, फोनला रेंज नाही. एक मास्तर म्हणाले, "आता काय करता बाप्पा!" आणि तिथून थोडंच पुढं गेलो तर रस्त्याला लागून दगडाची एक खोली. दाराशी खाट, खाटेवर पागोट्याचा म्हातारा. ती प्याऊ होती, म्हणजे आपली पाणपोई. आत दगडी ओट्यावर मडकी मांडलेली, प्रत्येकाला ओलं फडकं गुंडाळलेलं, तोंडावर झाकण, भिंतीला वारा यायला जाळी. म्हाताऱ्यानं विचारलं, "कठै सूं आया?" महाराष्ट्र म्हटलं तर म्हणाला, मुंबई. विदर्भ त्याला ठाऊक नव्हता. नागपूर म्हटल्यावर ओळख पटली, संत्र्याची.

त्यानं पाणी कसं पाजलं ते सांगतो. नळ नव्हताच. लांब दांड्याच्या ओगराळ्यानं तो मडक्यातून पाणी काढायचा आणि आपण ओंजळ धरायची, धार इतकी बारीक की ओंजळीतून सांडू नये. तरी सांडलं ते खालच्या दगडी पन्हाळीतून भिंतीबाहेरच्या कुंडीत जायचं. कुंडीवर शेळ्या आणि होले. बाटल्या भरताना त्यानं तोंडावर फडकं धरून पाणी गाळून दिलं. एकालाही त्यानं पुरे म्हटलं नाही, आणि एकाच्याही हातात ओगराळं दिलं नाही.

मी धंद्याचा माणूस, म्हणून पगाराचं आधी विचारलं. भिंतीवर पाटी होती, कुण्या कुटुंबानं आईवडिलांच्या नावे ती प्याऊ बांधलेली. म्हाताऱ्याला महिन्याचे पैसे त्या घरून येतात. भाद्रपदात रामदेवऱ्याला पायी जाणाऱ्यांचे लोंढे या रस्त्यानं जातात, तेव्हा रात्रीसाठी आणखी एक माणूस ठेवतात. पाणी कुठलं, तर खोलीमागचं टांकं. पावसाचं पाणी त्यात साठतं, ते सरलं की लाठीकडून टँकर येतो. एवढी साधी व्यवस्था आहे. बांधणारा वेगळा, भरणारा वेगळा आणि भरणाऱ्याला पगार. मला वाटतं, त्या खोलीतली सगळ्यात महागाची वस्तू तो म्हातारा होता. मडकी तर बाजारात मिळतात.

टांकं म्हणजे काय ते पुढं एका ढाणीवर नीट पाहिलं. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती. जमिनीत गोल हौद, आतून गिलावा, वरून झाकलेला. भोवतीची जमीन हौदाकडे उतरती करून ठोकून घट्ट केलेली, तिला आगोर म्हणतात. पावसाळ्याआधी ती झाडून काढतात, तिच्यावर चपला घालून जाऊ देत नाहीत, आमच्या एका पोरानं पाय ठेवला तर घरातली म्हातारी काठी घेऊन आली. वर्षातून पडतात त्या चार सरी त्या अंगणावरून हौदात. टांक्याच्या झाकणाला कुलूप. पाण्याला कुलूप पाहून पोरं हसली. पण बघा, घरच्या पाण्याला कुलूप लावणारे लोक वाटसरूचं पाणी उघडं ठेवतात.

जैसलमेरला वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याच्या चौपट-पाचपट पडतो. निसर्गानं तिकडे एक मेहेरबानी केली आहे. पोकरणपासून मोहनगढकडे जाणाऱ्या पट्ट्यात जमिनीखाली गोड पाण्याचा थर आहे, भूगर्भवाले त्याला लाठी सीरिज म्हणतात. पुढच्या चांधन गावच्या नलकूपाला, म्हणजे बोअरला, तर लोक थरच्या वाळवंटाचा घडाच म्हणतात. पण तो थर उपयोगी पडला तो आजच्या काळातले बोअर आल्यावर. टांकी, नाड्या म्हणजे गावतळी, आणि खडिनं त्याच्या कितीतरी आधीची. खडीन म्हणजे उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालून पाणी अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. पालीवाल ब्राह्मणांनी ही शेती तिकडे नावारूपाला आणली. आमच्या कापूसवाल्यानं एका खडिनातला हरभरा उपटून मुळं पाहिली, मातीचं ढेकूळ फोडून नाकाशी नेलं आणि म्हणाला, "आपल्या कोरडवाहूपेक्षा चांगला हाय राजेहो." शेतकऱ्याला कुठंही न्या.

चांधनला जेवलो, बाजरीची रोटी आणि कढी. टेम्पो तिथं सापडला, ड्रायव्हर निवांत झोपलेला. मग पवनचक्क्या लागल्या, क्षितिजापर्यंत, त्या जोरात फिरत होत्या याचा आम्हाला राग येत होता. दिवस कलता किल्ला दिसला आणि दिसल्यावरही बराच वेळ जवळ आला नाही. दुसऱ्या दिवशी गडीसर तलाव पाहिला. चौदाव्या शतकापासून कितीतरी पिढ्या त्या गावानं त्याच्या भरवशावर काढल्या.

आता पराक्रमाचं. त्या दिवशी भर दुपारी डॉक्टरांच्या मोबाइलवर तापमान २७ अंश होतं. सत्तावीस! आमच्याकडे चैतातही सावलीला एवढं मिळत नाही. मागं टेम्पो, टेम्पोत पाण्याचे जार, औषधाची पेटी, रात्री गादी. वाऱ्यानं दमवलं आणि सीटनं सोलून काढलं, एवढंच. त्याच रस्त्यावरच्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली, देशातली सगळ्यात जास्त. त्या दिवशी तिथून सायकल नेली असती तर आपण जिंकलंबिंकलं लिहिलेलं मी खपवून घेतलं असतं.

खरं वाळवंट सायकलीनं ओलांडणारी माणसं माझ्या दुकानात रोज येतात, त्यांचा फोटो कधी छापून आला नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४७ च्या घरात जातो. आमचं गाव त्याच हवेतलं, एखाद-दोन अंशांचा फरक. शेतातली मजुरी उन्हाळ्यात सकाळपाळीची, उजाडता जायचं आणि बारा-एकला सुट्टी. म्हणजे घरी यायची वेळ नेमकी कोणती, ते पाहा. दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, हे आवाहन आपल्याच दैनिकात दर उन्हाळ्यात येतं. ते वाचून मजुरानं काय करावं, धुऱ्यावर बसून राहावं? तेंदूपत्ता तोडणारे, जिनिंगमधली पाळी सुटलेले, दूधवाले, सालगडी, सगळे त्याच वेळी त्याच रस्त्यावर. कॅरिअरला विळा किंवा डबा, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. कांद्यानं काय होतं ते डॉक्टरांना विचारा, पण प्रत्येकाच्या खिशात असतो.

मिस्त्री म्हणून मला या दिवसांची खूण वेगळी आहे. मे महिन्यात टिकल्या सुटून येतात. रस्ता इतका तापतो की ट्यूबमधलं सोल्युशन नरम पडतं आणि कालच लावलेली टिकली आज सरकते. गच्च हवा भरून उन्हात उभी केलेली सायकल आवाज करून फुटते. म्हणून मी उन्हाळ्यात हवा जरा कमीच भरतो आणि लोकांना वाटतं मिस्त्रीनं पंप कमी मारला.

आमचा रस्ता चौपदरी झाला. आधी त्याच्या दोन्ही बाजूंना कडुलिंब आणि चिंचा होत्या, दोन माणसांच्या कवेत न मावणाऱ्या. दुकानापासून शेतशिवारापर्यंत बरंचसं अंतर सावलीतून जायचं. रुंदीकरणात सगळी गेली. रस्त्याला माझा विरोध नाही, तो झाल्यापासून पेशंट यवतमाळला अर्ध्या वेळात पोचतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हरित महामार्गाचं धोरण केंद्रानं २०१५ मध्ये आणलं, कामाच्या खर्चातला १ टक्का झाडांसाठी ठेवायचा असं त्यात आहे, हेही मास्तरांनी मला वाचून दाखवलं. आमच्या बाजूला लावलेली कडेची रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली, जाळ्या उभ्या आहेत. जगली ती डिव्हायडरमधली कण्हेर आणि बोगनवेल, कारण तिला टँकर येतो.

मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः पाहिलेली गोष्ट. दुपारी एकच्या सुमाराला टँकर डिव्हायडरच्या कडेनं हळूहळू चालला होता, मागं एक पोरगा पाइप धरून कण्हेरीच्या बुडाशी पाणी सोडत होता. शेतातून येणाऱ्या तीन-चार बाया सायकली आणि पाट्या तिथंच टाकून डिव्हायडरवर चढल्या आणि त्या पाइपाखाली ओंजळी धरल्या. पोरगा भला, त्यानं पाइप वर धरला. टँकरचं पाणी कुठल्या खाणीतलं की नाल्यातलं, देव जाणे, हिरवट दिसत होतं. बाया प्यायल्या, तोंडावर मारलं, पदर भिजवून डोक्यावर घेतला. पुढून ड्रायव्हर ओरडला तसा पोरानं पाइप खाली केला. टँकर पुढं गेला आणि बायाही गेल्या. रस्ता बनवणाऱ्यांना मे महिन्यात पाण्याचा टँकर चालवता येतो, त्याला माणूस ठेवता येतो, डिझेल घालता येतं. म्हणजे पाणी, पैसा आणि माणूस या तिन्हीचा प्रश्न नाही. यादीत कण्हेर आहे, बाई नाही.

दुसरं, साइडपट्टी. आमच्या रस्त्याची डांबराची कड आणि मातीची साइडपट्टी यांत वीतभर पायरी पडली आहे. ट्रक अंगावर आला की सायकलवाल्यानं खाली उतरायचं तर पडायचंच. आठवड्यात एखादी तरी रिंग आऊट होऊन येते, ती या पायरीनं. डिव्हायडरचा कट गावापासून इतका लांब केलाय की शाळेच्या पोरी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर उलट्या अंगानं येतात, समोरून ट्रक. त्यांना दम देणारे पुष्कळ आहेत, मीही दिला आहे. पण दोन किलोमीटर पुढं जाऊन दोन किलोमीटर मागं या, असं त्या पोरीला मार्च-एप्रिलच्या उन्हात कोणत्या तोंडानं सांगायचं? या विषयावर वेगळं पत्र लागेल, इथं थांबतो.

पाणपोया आमच्याकडे नव्हत्या असं नाही. अक्षय्यतृतीयेला घरोघरी पाण्याचा घडा दान करतात. माझ्या लहानपणी दर दोन-तीन गावांमागं चिंचेखाली रांजण असायचा, तरटात गुंडाळलेला, आणि तो भरायला एखादी निराधार म्हातारी ठेवलेली. तिचं दोन वेळचं गाव पाहायचं. गाडगेबाबांची दशसूत्री, भुकेलेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून रंगवलेली आहे. आता पाणपोई म्हणजे प्लॅस्टिकची टाकी, तिला तोटी आणि वर नेत्याचा हसरा फ्लेक्स. उद्घाटनाच्या दिवशी भरतात, गर्दी पांगली की तोटी चोरीला जाते आणि जूनपर्यंत फ्लेक्स तेवढा टिकतो. टाकी दिली की आपलं काम झालं असं देणाऱ्याला वाटतं. ती रोज कोण भरणार, दुपारी तिथं कोण बसणार, त्याला महिन्याला काय मिळणार, हे कुणी ठरवत नाही.

जैसलमेरहून आल्यावर आम्ही ते आधी ठरवलं. रांजण मी देतो, दोन मोठे, बुडाशी ठेवायला वाळूसह. गटातल्या लोकांनी मार्च ते जूनपर्यंतचा पगार जमा केला आहे, तो बँकेच्या मॅडमकडे आहे. गावच्या महिला बचत गटातल्या एक विधवा बाई सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बसायला तयार आहेत. पाणी जवळच्या शेतातल्या बोअरचं, शेतमालकानं लेखी हो म्हटलंय, डॉक्टरांनी ते तपासून घेतलंय. जागा कोणती, तर डिव्हायडरचा कट जिथं आहे आणि मजुरांची पायवाट जिथं रस्त्याला मिळते ती. तिथं चार बांबू आणि वरून तुराट्यांची ताटी, एवढंच बांधकाम.

अडलं ते परवानगीवर. जागा रस्त्याच्या हद्दीत येते. एका कार्यालयात गेलो तर दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी सांगितलं की देखभाल ज्यांच्याकडे दिली त्यांना विचारा, देखभालवाल्यांचा माणूस म्हणाला, आमच्या हातात नाही, वरून लेखी आणा. वर म्हणजे कुठं, हे त्यालाही सांगता आलं नाही. न विचारता ठेवा, कोण पाहतं, असंही बऱ्याच जणांनी सुचवलं. तसं करायला मी तयार नाही. अतिक्रमण म्हणून उद्या रांजण फोडला तर त्या बाईनं कुणाकडे दाद मागायची?

तेव्हा संपादकसाहेब, विनंती अशी. आपल्या वार्ताहरांची सगळ्या कार्यालयांत ऊठबस असते. रस्त्याच्या हद्दीत चार महिन्यांसाठी पाण्याचा रांजण ठेवायची परवानगी नेमक्या कोणत्या टेबलावरून मिळते, अर्ज कोणाच्या नावे करायचा आणि सोबत काय जोडायचं, एवढं विचारून छापा. आमच्यासारखे दुसऱ्या गावांतही असतील, त्यांच्याही कामी येईल. अर्ज टाइप करून ठेवला आहे, फक्त वरचं नाव घालायचं बाकी आहे. अक्षय्यतृतीयेच्या आधी उत्तर मिळालं तर बरं, कारण त्यानंतर उन्हाचा कडाका सुरू होतो आणि बाईंना तेंदूपत्त्याची मजुरी सोडून आमच्याकडे यायचं की नाही, ते आधी ठरवावं लागेल.

आपला वाचक,
एक सायकल मिस्त्री
राळेगाव तालुका, जि. यवतमाळ